टीपीएस म्हणजे काय, आणि ते संपलं की माणसं जातात कुठे?

२०२५ साली अमेरिकेतून एकामागून एक बातम्या येत राहिल्या. व्हेनेझुएला, हैती, नेपाळ, होंडुरास, निकाराग्वा, अफगाणिस्तान, कॅमेरून, सीरिया. या देशांच्या लोकांना दिलेलं ‘टीपीएस’ रद्द. मग बातमी आली, की न्यायाधीशांनी स्थगिती दिली. पुढे ती स्थगितीही वरच्या न्यायालयाने उठवली. ज्यांची मुलं, भाचे-पुतणे तिकडे आहेत त्या घरांत साहजिकच काळजीचा सूर उमटला: हे आपल्याही लोकांना लागू आहे का?

नाही. एच-वन-बी, विद्यार्थी व्हिसा, ग्रीन कार्ड यांच्याशी टीपीएसचा काही संबंध नाही, आणि टीपीएसच्या यादीत भारताचं नाव कधीच नव्हतं. पण विषय आपला नाही म्हणून सोडून देण्यासारखा नाही. २०२५ च्या सुरुवातीला १७ देशांची मिळून सुमारे १३ लाख माणसं या एका तरतुदीवर अमेरिकेत राहत होती, काम करत होती, भाडं आणि कर भरत होती.

टीपीएस म्हणजे ‘टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस’, तात्पुरता संरक्षित दर्जा. एखाद्या देशात युद्ध पेटलं, भूकंप झाला, साथ पसरली, तर त्या देशाचे जे नागरिक आधीपासून अमेरिकेत आहेत त्यांना ‘परत जा’ म्हणायचं नाही, आणि ते आहेत तोवर त्यांना काम करू द्यायचं. कल्पना एवढीच.

निर्वासित आणि आश्रय याहून वेगळे

बातम्यांमध्ये हे सगळे शब्द एकाच पिशवीत टाकले जातात, म्हणून आधी ते वेगळे करू. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित ठरायचं असेल तर छळाची भीती त्या माणसाला स्वतःला असावी लागते, आणि तीही वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे तरी. अमेरिकेत पोचलेला माणूस याच आधारावर ‘आश्रय’ मागतो. प्रत्येकाची फाइल वेगळी, सुनावणी वेगळी. मंजूर झाली तर वर्षभराने ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो.

भूकंपात घर गेलेला माणूस यात बसत नाही. दोन सैन्यांच्या मधोमध सापडलेलं गावही बहुतेकदा बसत नाही. बॉम्ब टाकणाऱ्याला त्या गावकऱ्यांचा धर्म किंवा मत यांच्याशी कर्तव्य नसतं. मरण मात्र तितकंच खरं असतं. ही फट भरून काढण्यासाठी टीपीएस आलं. ते माणूस बघून मिळत नाही, देश बघून मिळतं.

कायदा आला एल साल्वादोरमुळे

मध्य अमेरिकेतल्या या चिमुकल्या देशात १९८० ते १९९२ यादवी चालली. सुमारे ७५ हजार माणसं मेली. लाखो पळाली आणि त्यातली बरीच अमेरिकेत आली. आता अडचण अशी, की साल्वादोरच्या सरकारला शस्त्रं आणि पैसा अमेरिकाच पुरवत होती. तिथून आलेल्यांना निर्वासित म्हणणं म्हणजे आपल्या मित्रसरकारला जुलमी म्हणणं. १९८४ च्या सुमारास साल्वादोरच्या लोकांचे आश्रयाचे शंभरांतले तीन अर्जही मंजूर होत नव्हते. बोस्टनचे खासदार जो मोकली या लोकांसाठी वर्षानुवर्षं झगडले. अखेर १९९० च्या इमिग्रेशन कायद्यात टीपीएस आलं, आणि खुद्द संसदेनेच साल्वादोरचं नाव पहिलं लिहून १८ महिन्यांचं संरक्षण दिलं.

त्याआधीही राष्ट्राध्यक्ष आपल्या मर्जीने एखाद्या देशाच्या लोकांची हद्दपारी थांबवत असत. पण मर्जीच ती. कुणावर होई, कुणावर नाही. १९९० नंतर त्याला नियमांची चौकट मिळाली. हे या कायद्याचं मोठं काम, आणि त्याच्या पुढच्या दोषांबद्दल बोलतानाही ते विसरता कामा नये.

चालतं कसं?

देश यादीत घालण्याचा अधिकार आज होमलँड सिक्युरिटी, म्हणजे अंतर्गत सुरक्षा, खात्याच्या मंत्र्याकडे आहे. कारणं तीनच. पहिलं, चालू असलेला सशस्त्र संघर्ष. दुसरं, भूकंप, पूर, दुष्काळ, साथ यांसारखी आपत्ती; पण इथे त्या देशाच्या सरकारने स्वतः तशी विनंती करावी लागते आणि परतणाऱ्यांना सामावून घेणं सध्या जमणार नाही हे मान्य करावं लागतं. तिसरं, ‘असामान्य आणि तात्पुरती परिस्थिती’. या तिसऱ्या कारणाला एक शेपूट आहे: त्या लोकांना राहू देणं अमेरिकेच्या राष्ट्रहिताविरुद्ध असता कामा नये. हे शेपूट लक्षात ठेवा. २०२५ च्या वादाचा मोठा भाग तिथेच अडकला.

मुदत ६, १२ किंवा १८ महिन्यांची. ती संपण्याच्या किमान ६० दिवस आधी मंत्र्याने देशाच्या परिस्थितीचा आढावा घ्यायचा आणि ठरवायचं, वाढवायची की संपवायची. प्रत्येक वेळी एक तारीख ठरलेली असते आणि त्या तारखेपासून माणूस अमेरिकेत सलग राहत असावा लागतो. होंडुरासच्या लोकांसाठी ती ३० डिसेंबर १९९८ होती. त्यानंतर आलेल्याला होंडुरासचं टीपीएस मिळत नसे.

मुदत वाढली की प्रत्येकाने पुन्हा नोंदणी करायची, बोटांचे ठसे तपासून घ्यायचे. एक गंभीर गुन्हा किंवा दोन किरकोळ गुन्हे सिद्ध झाले तर दर्जा गेला. पहिल्या अर्जाची फी कायद्याने ५० डॉलर होती, २०२५ च्या नव्या कायद्याने ती ५०० केली. बदल्यात मिळतं काय, तर हद्दपारीपासून संरक्षण, वर्क परमिट, आणि परवानगी घेऊन परदेशी जाऊन येण्याची सोय. ग्रीन कार्ड नाही, नागरिकत्व नाही. कितीही वर्षं झाली तरी नाही.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेला पूर आला तेव्हा सांगली-कोल्हापूरची हजारो कुटुंबं शाळांमध्ये, मंगल कार्यालयांमध्ये राहिली. शाळा आपली नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि पाणी असताना ‘घरी जा’ असं त्यांना कुणी म्हटलं नाही. टीपीएस म्हणजे ही पुरातली शाळा. प्रश्न एवढाच की त्या शाळेत पंचवीस वर्षं गेली, मुलं तिथेच जन्मली, शिकली, आणि गावाकडचं घर उरलंच नाही, तर?

‘तात्पुरतं म्हणजे तात्पुरतंच असायला हवं ना?’

टीकाकारांचा हा मुद्दा रास्त आहे आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. टीपीएस खरोखर तात्पुरतं राहिल्याची उदाहरणं आहेत. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली तेव्हा नोव्हेंबर २०१४ मध्ये लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओन यांना ते मिळालं. साथ आटोक्यात आली, मे २०१७ मध्ये ते संपलं. कोसोव्होचं युद्ध थांबल्यावर तिथल्या लोकांचं संपलं. आपल्या इतिहासातलं सगळ्यात मोठं उदाहरण १९७१ चं. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली आणि बांगलादेश स्वतंत्र होताच, काही महिन्यांतच, त्यातली बहुतेक परत गेली. घर उभं राहिलं की माणूस परततो. त्याला ढकलावं लागत नाही.

पण काही घरं उभी राहतच नाहीत. ऑक्टोबर १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरास आणि निकाराग्वा उद्ध्वस्त केले. जानेवारी १९९९ मध्ये दोघांना टीपीएस मिळालं, आणि ते क्लिंटन, बुश, ओबामा यांच्या काळात वाढत गेलं. साल्वादोरला २००१ च्या दोन भूकंपांनंतर पुन्हा मिळालं. ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत ते संपवायला काढलं, न्यायालयांनी अडवलं, बायडन यांनी पुन्हा वाढवलं. वादळ विसाव्या शतकातलं, नोंदणी एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. वादळाने पाडलेले पूल कधीच बांधून झाले होते, पण टोळ्यांचा हिंसाचार आणि दारिद्र्य त्यांच्या जागी येऊन बसलं. मंत्री बदलत गेले आणि प्रत्येकाने १८ महिन्यांचा एक तुकडा पुढे ढकलला, कारण लाखभर माणसांना संसारासकट उचलून पाठवण्याचा निर्णय कुणालाच नको होता.

त्या वेळी विशीत असलेला होंडुरासचा तरुण आज पन्नाशीला टेकला आहे. त्याची मुलं अमेरिकेत जन्मली म्हणून जन्माने नागरिक आहेत. बाप दर दीड वर्षाने मुदतवाढीची वाट बघणारा.

तात्पुरतेपणाचा अर्थ सरकार कसा लावतं याची सगळ्यात बोचरी गोष्ट माँटसेराट या कॅरिबियन बेटाची आहे. १९९७ मध्ये तिथल्या ज्वालामुखीने राजधानी प्लिमथ राखेखाली गाडली, अमेरिकेने टीपीएस दिलं. पुढे २००४ मध्ये अमेरिकन सरकारने जाहीर केलं, की हा ज्वालामुखी नजीकच्या काळात शांत होण्याची चिन्हं नाहीत, म्हणजे संकट आता ‘तात्पुरतं’ राहिलेलं नाही, आणि कायदा तर तात्पुरत्या संकटासाठीच आहे. २००५ मध्ये दर्जा संपला. माणसं होती जेमतेम तीनशे. संकट मिटलं तर परत जा, संकट मिटणारच नाही तरी परत जा. कायद्याच्या शब्दाला धरून हे बरोबर असेलही. मला ते माणसांच्या दृष्टीने असह्य वाटतं.

‘बेकायदा आलेल्यांना बक्षीस कशाला?’

टीपीएस देताना माणूस देशात कसा आला हे विचारलं जात नाही, हे खरं. व्हिसावर आलेले असतात, मुदत संपून राहिलेले असतात, सीमा ओलांडून आलेलेही असतात. कारण साधं आहे: परत पाठवलं तर जिवाचा धोका सगळ्यांना सारखाच.

पण बक्षीस म्हणाल तर त्यात फारसं काही नाही. २०२१ मध्ये न्यू जर्सीतल्या एका साल्वादोरी जोडप्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. वीस वर्षं टीपीएसवर राहिलेल्या माणसाला नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड हवं होतं. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी सर्व नऊ न्यायमूर्तींच्या वतीने निकाल लिहिला: टीपीएसमुळे राहणं कायदेशीर होतं, पण मूळ प्रवेश बेकायदा असेल तर तो कायदेशीर ठरत नाही. अर्ज फेटाळला. याहून कडक तरतूद १९९० च्या कायद्यातच आहे. टीपीएसवाल्यांना कायमचं वास्तव्य देणारं विधेयक सिनेटमध्ये आलं तर त्याला साधं बहुमत पुरत नाही, पाचांपैकी तीन हिस्से मतं लागतात. संसदेने दयाही दाखवली आणि त्याच पानावर आपले हातही बांधून घेतले.

लोंढे वाढतात का, हा याच्याच पोटातला प्रश्न. ठरलेल्या तारखेमुळे नंतर येणाऱ्याला फायदा मिळत नाही, हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर आहे. पण सरकार त्याच देशाला नव्याने दर्जा देऊन तारीख पुढे सरकवू शकतं. व्हेनेझुएलाच्या बाबतीत २०२१ ची तारीख सरकवून ती ३१ जुलै २०२३ केली गेली. असं वारंवार झालं तर लोक वाट बघतील, ही शंका निराधार म्हणता येणार नाही.

२०२५ मध्ये नवीन काय झालं?

आधीची सरकारं मुदत संपू देत किंवा वाढवत. जानेवारी २०२५ मध्ये मंत्री क्रिस्टी नोएम यांनी आधीच्या सरकारने दिलेली मुदतवाढच मागे घेतली. टीपीएसच्या ३५ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बायडन सरकारने जाता जाता व्हेनेझुएलाला ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढ दिली होती, ती दहा-बारा दिवसांत रद्द झाली आणि २०२३ च्या नोंदणीतल्या सुमारे साडेतीन लाख लोकांचा दर्जा एप्रिलमध्ये संपेल असं जाहीर झालं. सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश एडवर्ड चेन यांनी मार्चअखेरीस हे रोखलं. १९ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रोख उठवली. सप्टेंबरमध्ये चेन यांनी पूर्ण सुनावणीनंतर पुन्हा लोकांच्या बाजूने निकाल दिला आणि ३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोही बाजूला ठेवला. या सगळ्यात एखाद्या माणसाचं वर्क परमिट एका आठवड्यात चालू, दुसऱ्यात बंद. मालकालाही कळेना, याला कामावर ठेवणं गुन्हा आहे की काढणं.

सरकारचं म्हणणं: कायद्यातच लिहिलं आहे की देश यादीत घालण्या-काढण्याच्या निर्णयावर न्यायालयीन फेरविचार नाही. विरोधकांचं म्हणणं: निर्णय मंत्र्याचा असला तरी तो घेताना कायद्याने सांगितलेली पद्धत पाळली की नाही, हे तपासायला न्यायालयच हवं. मला दुसरी बाजू पटते. पद्धत न पाळता घेतलेला निर्णय तपासायचाच नसेल तर १९९० चा कायदा केला कशाला? त्याआधीची मर्जीच बरी होती.

आणि आता ते शेपूट. व्हेनेझुएलात परिस्थिती सुधारली, एवढ्यावरच हा निर्णय उभा नव्हता. मुख्य कारण दिलं ‘राष्ट्रहित’. त्याच वर्षी अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या नागरिकांना बजावत होतं, व्हेनेझुएलाला जाऊ नका. इशारा चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचा. हैतीचंही तसंच. राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्समध्ये विमानांवर गोळीबार झाल्यापासून, म्हणजे नोव्हेंबर २०२४ पासून, अमेरिकन प्रवासी विमानांना तिथे जायला बंदी होती, आणि त्याच हैतीच्या लोकांना परत जायला सांगितलं गेलं.

दर्जा संपला की लगेच विमानात बसवतात का?

नाही. टीपीएस संपलं की माणूस त्याआधी ज्या स्थितीत होता तिथे परत जातो. ज्याच्याकडे दुसरा चालू व्हिसा आहे तो त्यावर राहू शकतो. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असेल तर तो चालू राहतो. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं असेल आणि मूळ प्रवेश कायदेशीर असेल तर ग्रीन कार्डाची वाट खुली असते. बाकीचे एका रात्रीत बेकायदा ठरतात आणि कामावरून जातात.

आपला शेजारी नेपाळ घ्या. एप्रिल २०१५ च्या भूकंपात तिथे सुमारे नऊ हजार माणसं गेली. जूनमध्ये टीपीएस मिळालं, शिकायला किंवा फिरायला आलेल्या हजारो नेपाळ्यांनी ते घेतलं. पहिल्या ट्रम्प सरकारने ते संपवायचं ठरवलं, कोर्टकज्ज्यात ते टिकलं, आणि जून २०२५ मध्ये दोन महिन्यांची नोटीस देऊन पुन्हा संपवलं. दहा वर्षांनी हातात साठ दिवस. नोटिशीपुरता कायदा पाळला गेला. दहा वर्षांत घेतलेलं दुकान, मुलांची शाळा, म्हाताऱ्या आई-बापांना दरमहा पाठवायचे पैसे हे साठ दिवसांत कुणी कसं आवरायचं, याची तरतूद कायद्यात कुठेच नाही.

दुसरीकडे काय करतात?

युक्रेनवर २४ फेब्रुवारी २०२२ ला हल्ला झाला आणि ४ मार्चला युरोपीय संघाने २००१ पासून पडून असलेला आपला तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा पहिल्यांदा वापरला. चाळीस लाखांवर माणसांना राहणं, काम, दवाखाना, शाळा, सगळं मिळालं, आणि तेही आश्रयाच्या सुनावणीशिवाय. हाच कायदा २०१५ मध्ये सीरियाच्या लोकांसाठी वापरला नव्हता, हे इथे नोंदवायलाच हवं. त्यात तीन वर्षांची मर्यादा धरलेली होती. युद्ध थांबलं नाही आणि मुदत मार्च २०२७ पर्यंत गेली. पण युरोपने पुढचा विचार निदान सुरू केला. चेक प्रजासत्ताकाने स्वतःच्या कमाईवर उभ्या असलेल्या युक्रेनी लोकांसाठी दीर्घ मुदतीच्या वास्तव्याची वेगळी सोय केली.

सगळ्यात पुढे गेला तो कोलंबिया, अमेरिकेच्या तुलनेत गरीब देश. फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्ष इव्हान दुके यांनी व्हेनेझुएलाच्या सुमारे १७ लाख लोकांसाठी दहा वर्षांचं संरक्षण जाहीर केलं, आणि त्या काळात कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळवण्याची वाटही त्यातच ठेवली.

अशी वाट महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या सुमारे पाच हजार लोकांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सरकारने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं होतं, तिथून सुटून ते इराणमार्गे आले. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत. सगळ्यांना वाटत होतं, युद्ध संपलं की घरी. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावंच सोव्हिएत संघात गेली होती. मग त्यांचं काय झालं? ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसन कायदा करून आपल्या बाजूने लढलेल्या पोलिश सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना वसवून घेतलं, आणि वळिवड्यातली बरीच कुटुंबं तिकडे गेली. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी राहिले; आजचं गांधीनगर तेच. पाच वर्षांचं तात्पुरतं संरक्षण अधांतरी लोंबकळलं नाही, कारण शेवटी कुणीतरी कायदा केला.

अमेरिकेत असा कायदा होऊ शकतो का?

प्रतिनिधीगृहाने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, २०१९ आणि २०२१ मध्ये टीपीएसवाल्यांना ग्रीन कार्डाची वाट देणारं विधेयक दोनदा मंजूर केलं. सिनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही. अलीकडच्या काळात एका गटाबाबत यश आलं: १९९१ पासून कधी टीपीएस, कधी राष्ट्राध्यक्षांची तात्पुरती सवलत अशा हिंदोळ्यावर राहिलेल्या लायबेरियाच्या लोकांना डिसेंबर २०१९ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवून ग्रीन कार्डाचा हक्क मिळाला.

दुसरी एक तरतूद आधीपासूनच कायद्यात आहे, आणि मला ती सगळ्यात व्यवहार्य वाटते. १९२९ पासून अमेरिकेत ‘रजिस्ट्री’ नावाचं कलम आहे. ठरावीक तारखेच्या आधीपासून सलग राहणाऱ्या, चांगल्या वर्तणुकीच्या माणसाला, तो कसाही आला असला तरी, ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. ही तारीख संसद अधूनमधून पुढे आणत असे. शेवटची आणली १९८६ मध्ये, आणि ती ठरवली १ जानेवारी १९७२. त्यानंतर ती हललेली नाही. २००१ च्या पुढे आणली तर मध्य अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या जुन्या टीपीएसवाल्यांचा प्रश्न सुटतो. त्यासाठी नवी योजना आखायला नको, नवं खातं उघडायला नको. जुन्या कलमातली एक तारीख बदलायची आहे.